मास्तरची नोकरी

माणसाला नोकरीवरून कधी काढावं आणि कधी काढू नये, या विषयावर आबा साळोख्यांची मतं इतकी ठाम होती की ऐकणाऱ्याला हे गृहस्थ एखाद्या कामगार संघटनेचे पुढारी वाटावेत. प्रत्यक्षात ते सौदीतल्या आमच्या धाहरानच्या ऑफिसात पाइपिंगचे सीनियर ड्राफ्ट्समन होते, आणि ज्याच्या नोकरीची त्यांना उठताबसता काळजी लागलेली असे तो माणूस अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका कॉलेजात फुटबॉलचा कोच होता. ते कॉलेज आबांनी कधी पाहिलं नव्हतं. अमेरिकेचं जाऊ द्या, आमच्या अमेरिकन साहेबाच्या कॅम्पमध्ये शिरायचं तरी त्यांना गेटवर ताटकळत पास घ्यावा लागे. पण तो कोच त्यांचा होता, आणि त्याला ते 'मास्तर' म्हणत.

हे वेड त्यांना लावलं बॉबसाहेबाने. बॉब आमचा विभागप्रमुख, त्याच कॉलेजात शिकलेला. त्याचा भाऊ तिकडे मॅचेस टेप करून कुरिअरने पाठवायचा. कस्टमवाले प्रत्येक टेप आधी स्वतः बघायचे, मग सोडायचे. त्यामुळे मॅच इकडे पोहोचेपर्यंत दोन-तीन आठवडे उलटून गेलेले असत. बॉबला निकाल इंटरनेटवर त्याच दिवशी कळे. पण आबांनी ऑफिसात सगळ्यांना शपथ घातली होती की टेप बघून होईपर्यंत कुणी स्कोअर सांगायचा नाही. सांगेल त्याच्याशी बोलणं बंद. फिलिपिनो कॉपीवाल्याने एकदा सहज सांगून टाकला, तर त्याच्याशी आबा रमजानपासून ईदपर्यंत बोलले नव्हते.

मी पेंडसे, मूळचा चिपळूणचा, क्रिकेटवाला. पायाने न खेळता ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ मला शेवटपर्यंत कळला नाही. आबांनाही सुरुवातीला तो पटला नव्हता. ते कोल्हापूरचे. पेठेपेठेतल्या तालमींचे फुटबॉल संघ एकमेकांवर तुटून पडतात त्या गावातले, आणि तरुणपणी स्वतः एका तालमीच्या संघाचे कोच राहिलेले. बॉबने पहिली टेप दाखवली तेव्हा त्यांनी "ही तर चेंडू घिऊन केल्याली कुस्ती हाय" असं म्हणून हात झटकले होते म्हणे. पण कोल्हापूरच्या माणसाला कुस्ती म्हटल्यावर किती वेळ हात झटकता येणार? दुसऱ्या सीझनला ते बॉबला चुका दाखवू लागले आणि तिसऱ्याला बॉब त्यांना भिऊ लागला.

शुक्रवारी दुपारी जेवणं झाली की शेजारच्या खोबर शहरातल्या त्यांच्या फ्लॅटवर टेप लागायची. टीव्हीचा आवाज पूर्ण बंद. त्या तिकडच्या कॉमेंट्रीतलं आपल्याला एक अक्षर कळत नाही, मग उगीच डोकेदुखी कशाला, असं त्यांचं म्हणणं. कॉमेंट्री ते स्वतः करत, कोल्हापुरीत. खेळाडूंना त्यांनी नावं दिली होती. मागे उभा राहून चेंडू दुसऱ्याच्या हातात देणारा जो मुख्य गडी, तो 'पाटील', कारण स्वतः काही न करता सगळ्यांना कामाला लावतो. पुढच्या रांगेतले आडदांड ते 'पैलवान'. एक काळा, चपळ पोरगा होता, त्याला ते 'पिंट्या' म्हणत आणि तो पडला की स्वतः कमरेवर हात दाबून कळवळत. शेवटच्या डावाला ते उभे राहत, आणि आम्हालाही बसू देत नसत. सुमनवहिनी चहाचे कप घेऊन या उभ्या गर्दीतून वाट काढत, आणि त्यांची मुलगी प्राजक्ता पुस्तकं उचलून आतल्या खोलीत जाताना म्हणे, "बाबा, नेबर्स विल कम्प्लेन." दम्मामच्या भारतीय शाळेत शिकणाऱ्या सगळ्याच पोरांसारखी ती आईबापांना इंग्रजीत उत्तरं द्यायची.

आबांची भाकितं हमखास चुकत. ते जिंकणार म्हणाले की संघ हरलाच म्हणून समजा. बॉब तर टेप बघताना त्यांच्या तोंडावर हात ठेवायला धावायचा. पण भाकीत चुकलं म्हणून मत बदललं, असं कधी झालं नाही. मास्तरचा संघ ओळीने हरत होता, तिकडे वर्तमानपत्रं त्याला हाकला म्हणत होती, बॉब स्वतः त्या मताचा झाला होता. आबांचं एकच पालुपद.

"कोचला पाच सीझन द्याचे बगा, पेंडसे. पयला पोरं वळखायचा. दुसरा हरायचा. तिसरा शिव्या खायचा. चवथा जितायचा. आन् पाचवा, शिव्या कुनी दिल्त्या त्ये लोकांनी इसरायचा. ह्यो तिसरा चाललाय. आत्ता काढायचा म्हंजे रोप उपटून मुळं किती वाढली बगन्यागत हाय."

या पाच सीझनांवरून त्यांची आणि फहदची रोज जुंपायची. फहद हा आमच्याकडचा तरुण सौदी इंजिनियर. शिकला अमेरिकेत, पण ड्रॉइंग कसं वाचायचं ते शिकला आबांपाशी, त्यांच्या टेबलाला खुर्ची लावून. सभ्य पोरगा. आबांना तो बॉबसारखाच, साळोखेचं आखूड करून, 'सॅल' म्हणायचा, पण कॉफी ओतून द्यायचा ती आधी त्यांना. त्याचा स्वतःचा लाडका क्लब इथला, सौदी, आणि त्या क्लबात एका सीझनला दोन-तीन कोच सहज होऊन जात. फहदला त्यात काही वावगं वाटत नसे. पगार घेतो ना, मग जिंकावं, नाहीतर खलास, असा त्याचा हिशेब सरळ होता. आबा विचारायचे, तुम्ही कोच बदलता की गाडीचं तेल? फहद हसायचा आणि म्हणायचा, तेल तरी पाच हजार किलोमीटर चालू देतो.

आम्ही बाकीचे या वादाला हसत असू, पण जपून. कारण आमची गत त्या कोचांपेक्षा फार वेगळी नव्हती. काम तेलकंपनीचं, पण पगार आणि इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, कंत्राटदाराचा. करार वर्षाचा, डिसेंबरअखेर संपणारा. तो पुढे चालू झाला नाही की पासपोर्टवर फायनल एक्झिटचा शिक्का बसे, आणि माणसाच्या इकाम्यावर असलेली बायकापोरंही त्याच्याबरोबर देश सोडत. त्यातून परदेशी माणसांच्या जागी सौदी भरा, असे फतवे दरवर्षी वाढत चाललेले. त्यामुळे डिसेंबर लागला की ऑफिसात सगळेच हळू आवाजात बोलत. अमेरिकेतही कोच लोकांना काढायचा हाच मोसम. आबा म्हणत, डिसेंबर म्हणजे माझा आणि मास्तरचा दोघांचा वार्षिक परीक्षेचा महिना.

त्या वर्षी सीझनचा शेवटचा सामना मास्तरच्या संघाचा जुन्या हाडवैऱ्याशी होता. टेप यायची होती, आणि ती आली की ऑफिसातल्या सगळ्यांना आपल्या घरी तांबडा-पांढरा रस्सा, असं आबांनी जाहीर करून टाकलं. फहदशी पैज लागली होती. मास्तर टिकला तर फहदने उभं राहून सगळ्यांसमोर 'पाच सीझन' असं तीनदा म्हणायचं, गेला तर आबांनी ते म्हणायचं कायमचं बंद करायचं. पैज लागली त्या दिवशी दोघांनाही काही ठाऊक नव्हतं. मग आठवड्याभरात फहदला कळलं, बॉबला कळलं, फहदकडून मला कळलं. टेप मात्र कस्टममध्ये पडून. आबा रोज डब्याच्या वेळी मास्तरची बाजू लढवत होते, नवे नवे मुद्दे काढत होते, आणि आम्ही घास चघळत खाली बघत होतो. शपथ त्यांचीच होती.

टेप आली. शुक्रवारी आम्ही सगळे खोबरला जमलो. मटणाच्या वासाने जिना भरला होता. आवाज बंद, आबांची कॉमेंट्री चालू. आणि काय गंमत, संघ त्या दिवशी असा खेळला की मलासुद्धा उभं राहावंसं वाटलं. पिंट्याने शेवटी कुणालाही न सापडता अख्खं मैदान कापलं आणि ते जिंकले. पडद्यावर पोरांनी मास्तरला खांद्यावर घेतलं. मास्तर थोराड, टक्कल पडलेला माणूस, टोपी काढून डोळे पुसत होता.

"आनंदानं रडाय लागलाय," आबा म्हणाले, आणि त्यांचे स्वतःचे डोळे वाहत होते. "आता बगू कोन काढतंय मास्तरला."

वहिनी ताटं घ्यायला आत वळल्या होत्या, त्या आमच्या तोंडांकडे बघून थांबल्या. शेवटी बॉबने रिमोट घेऊन चित्र थांबवलं. तो म्हणाला, सॅल, त्याला त्या सामन्याच्या आधीच्या सोमवारी काढलं. हा सामना सुरू झाला तेव्हाच तो गेलेला होता.

आबांनी त्या थांबलेल्या चित्रातल्या मास्तरकडे बोट केलं. मग त्यांनी विचारलं, काढला होता तर मैदानावर कशाला आला?

बॉबने सांगितलं की त्याने विनंती केली होती. एवढा सीझन पुरा करू द्या म्हणाला, आणि कॉलेजने करू दिला.

आबांना मास्तरची नोकरी गेल्याचा धक्का बसेल असं आम्ही धरून चाललो होतो. बसला तो या दुसऱ्या गोष्टीचा. "मागितलं त्येनं?" ते मराठीतच म्हणाले, आणि मग बॉबला कळावं म्हणून इंग्रजीत पुन्हा विचारलं. बॉबने मान हलवली. आबांनी टेप बाहेर काढून त्याच्या हातात दिली. जेवणात त्यांनी सगळ्यांना आग्रह केला, तिखटाने बॉबच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं तेव्हा हसलेसुद्धा, पण मास्तरचं नाव त्यांनी काढलं नाही. फहदने पैजेची आठवण करून दिली नाही, हा त्याचा चांगुलपणा.

सगळे गेल्यावर मी भांडी आत द्यायला थांबलो, तेव्हा त्यांनी मला त्यामागची गोष्ट सांगितली. तालमीचा संघ पेठेच्या फायनलला हरला त्याच्या दुसऱ्या दिवशी तालमीत बैठक होती. आबांना कुणीतरी आधीच कानात सांगितलं होतं, तुला कोचपणावरून काढणार. तेव्हा ते गेले आणि सगळ्यांसमोर, खेळणारी पोरं मागे भिंतीला टेकून उभी असताना, हात जोडून म्हणाले की मला अजून एक सीझन द्या. पंच मंडळी हसली. नाही म्हणाली. पण त्यांना लागलं होतं ते निराळंच.

"नोकरी न्हवती ती, पगार न्हवता. काढलं तर काढलं," ते म्हणाले. "पर मी हात जोडल्याव पोरांनी खाली बगितलं. त्या दिवसापास्नं कुनी माज्याकडं वर बगितलं न्हाई. हारनारा कोच चालतोय, पेंडसे. मागनारा न्हाई चालत."

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते गाव सोडून आखातात आले होते. मला त्यांच्या पाच सीझनांचं हसू येत असे, ते त्या दिवसापासून येईनासं झालं.

पुढच्या उन्हाळ्यात बॉब निवृत्त होऊन आपल्या गावी गेला. टेपा बंद पडल्या. त्याच्या जागी फहद बसला, आणि आबांना कोण आनंद झाला. आपला शागीर्द साहेब झाला म्हणून त्यांनी ऑफिसात पेढे वाटले. नव्या सीझनची खबर फहद त्यांना इंटरनेटवरून द्यायचा. नव्या कोचविषयी आबांचं मत वाईट होतं, पण पाच सीझन मात्र त्यालाही मिळायला हवेत असं ते म्हणत. पैज त्यांनी सोयीस्करपणे विसरून टाकली होती.

डिसेंबरच्या सुरुवातीला फहदला वरून हुकूम आला. ड्रॉइंगमधला एक परदेशी माणूस कमी करायचा आणि ती जागा सौदी मुलाला द्यायची. सगळ्यांत जास्त पगार आबांचा, वयही त्यांचंच जास्त. फहदने ते काम दुसऱ्या कुणावर ढकललं नाही. आबांना केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं, स्वतः कॉफी ओतली आणि सांगितलं, करार डिसेंबरअखेर संपतोय. काचेतून आम्हाला दोघेही दिसत होते. सांगून झाल्यावर फहद हातातला छोटा कप फिरवत बराच वेळ गप्प बसला. मग त्याने पुन्हा कॉफी ओतली. आबा उठले, त्याचा हात हातात घेऊन हलवला, थँक यू म्हणाले आणि ताठ बाहेर आले.

मला म्हणाले, "मागायचा एक शबूद बोललो न्हाई."

मला प्राजक्ता आठवली. ती बारावीला होती. बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये. हुशार पोरगी, इंजिनियरिंगची स्वप्नं बघणारी. बाप डिसेंबरात गेला की तिचा इकामा गेला, आणि इकामा गेला की शाळा, परीक्षेचं केंद्र, सगळंच गेलं. मी म्हटलं, आबा, कायम ठेवा म्हणू नका, फक्त मार्चपर्यंत मागा. फहद तुमचा माणूस आहे.

"माजा मानूस हाय म्हनूनच मागायचं न्हाई," ते म्हणाले. "त्यो माज्या टेबलाव शिकलाय. उद्या त्येनं खाली बगितलं तर मी कुटं बगू?"

मग मला दम भरला की माझ्या वतीने तुम्ही तोंड उघडलंत तर मी उद्याच्या उद्या विमानात बसेन, डिसेंबरही पुरा करणार नाही. वहिनींना घरी अशीच शपथ घातली. वहिनी माझ्या बायकोपाशी येऊन रडल्या. त्या म्हणाल्या, ह्यांना कुणी कोच केलंय अजून, मला कळत नाही. बारावीची पोर घरात आहे आणि हे मैदानावर उभे राहिल्यासारखे उभे आहेत. माझ्या बायकोने त्यांना चहा करून दिला. दुसरं काय करणार?

आबांची खात्री होती की प्राजक्ताचं केंद्र कोल्हापूरला बदलून मिळेल. भारतात फोन झाले, ओळखी काढल्या. केंद्र बदलायची मुदत केव्हाच उलटून गेलेली होती. ही त्यांची आणखी एक चुकलेली अटकळ, पण या वेळी कुणाला हसू आलं नाही.

जायच्या आदल्या शुक्रवारी संध्याकाळी फहद निरोपाला खोबरला आला. हातात खजुराचा मोठा डबा, आबांना एक उंची घड्याळ. मी होतोच. घरात खोकी बांधून ठेवलेली, आणि जेवायच्या टेबलावर प्राजक्ता पुस्तकं पसरून बसलेली. आता त्या अभ्यासाचा उपयोग नव्हता हे तिलाही माहीत होतं, पण सवयीने बसली होती. फहदने तिला सहज विचारलं, कितवीला आहेस? तिने सांगितलं, ट्वेल्थ, अंकल, मार्चमध्ये बोर्ड होतं. होतं, म्हणाली.

फहद खाली बसला. त्याने तिच्याकडे बघितलं, मग खोक्यांकडे, मग आबांकडे. इकामा देणाऱ्या मालकाकडे, कफीलकडे, कागद, एक्झिटचा शिक्का, सगळं झालेलं होतं. तरी त्याने तिथूनच कंत्राटदाराच्या माणसाला फोन लावला. अरबीत बराच वेळ बोलला, आवाज चढवला, मग उतरवला. पलीकडच्याने त्या व्हिसावर नवा माणूस नोंदवून टाकला होता. फहदने फोन बंद करून खिशात ठेवला.

तो इंग्रजीत आबांना म्हणाला, "मी त्या दिवशी दुसऱ्यांदा कॉफी ओतली, सॅल. तुम्ही काहीतरी मागाल म्हणून थांबलो होतो. आमच्यात पुढ्यात बसलेला माणूस मागेपर्यंत यजमान वाट बघतो. मार्च काय, मी जून दिला असता. तुम्ही मागितलं नाहीत, मला वाटलं तुमची दुसरीकडे सोय झाली आहे."

प्राजक्ता पेन हातात तसंच धरून बापाकडे बघत होती.

"बाबा," ती म्हणाली, "यू ओन्ली हॅड टू आस्क?"

वहिनी आत निघून गेल्या. फहद थोडा वेळ बसला आणि मग सगळ्यांना सलाम करून गेला. मी त्याला सोडायला खाली उतरलो. गाडीपाशी उभा राहून तो मला पुन्हा पुन्हा विचारत होता, का नाही मागितलं, माझा त्याला राग होता का? मी त्याला तालमीतल्या बैठकीची गोष्ट सांगायला लागलो आणि मध्येच थांबलो. इंग्रजीत ती गोष्ट सांगताना अगदीच खुळ्यासारखी वाटत होती.

त्यानंतर आबांचं वर्तमान कुणाकुणाकडून कळत राहिलं. प्राजक्ताचं वर्ष गेलं. पुढच्या वर्षी ती बसली, पण मन लागलं नाही, इंजिनियरिंग राहिलं, तिने काहीतरी साधंसं धरलं. कोल्हापुरात एवढ्या वर्षांनी आबांना कुणी ओळखत नव्हतं. आणि मग कळलं की ते परत सौदीला आलेत, एकटेच, रियाधला.

दोनेक वर्षांनी मला कामासाठी रियाधला जावं लागलं. फोन करून मी त्यांना बत्हा बाजारात गाठलं, जिथे आपल्याकडची सगळी माणसं शुक्रवारी पैसे पाठवायला आणि गावाकडचं काहीतरी खायला जमतात. गर्दीत मला ते आधी दिसलेच नाहीत. वाळले होते, दाढी वाढलेली, शर्ट मोठा होत होता. शहराच्या कडेला अल सुलै भागात पाइपांच्या एका गोदामात ते स्टोअरकीपर होते. गोदामातच मागे खोली. कफील छोटा माणूस होता आणि पासपोर्ट त्याच्याजवळ.

आम्ही एका खाणावळीत बसलो. पराठा आणि चहा मागवला. वहिनी बऱ्या आहेत म्हणाले. प्राजक्ताचं विचारलं तेव्हा म्हणाले, चाललंय, फोनवर येत न्हाई ती फारशी. मी मुद्दाम जुना विषय काढला. फहदने सांगितलेली ताजी खबर होती. बॉबच्या कॉलेजने तो नवा कोचसुद्धा काढला, पाच सीझन पुरे व्हायच्या आतच. मी वाट बघत राहिलो. आता टेबलावर मूठ आपटेल, आता ते पाच सीझन मोजायला लागतील असं मला वाटत होतं, आणि खरं सांगतो, मला ते ऐकायचं होतं.

"काढला आसंल," ते म्हणाले, आणि पराठ्याचा तुकडा मोडला.

मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं, बरोबर केलं का? ते म्हणाले, आता त्यातलं मला काही कळत नाही. नवा जो येईल तो चांगलाच असेल.

तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. ते चटकन उठून उभे राहिले, घास तोंडात होता तो त्यांनी गिळला. कफीलचा फोन होता. ट्रक आला होता, माल उतरवून घ्यायला लगेच यायला सांगत होता. आबा मोडक्यातोडक्या अरबीत बोलत होते, आणि मला समजेल एवढं अरबी मला येत होतं. गावचा माणूस भेटलाय, भाऊच आहे माझा, लांबून आलाय, असं ते सांगत होते. मोकळा हात त्यांनी छातीवर ठेवला होता. अर्धा तास द्या म्हणाले. पलीकडून काहीतरी आलं. मग म्हणाले, अल्लाच्या नावाने, पाव तास. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं बघायला लागली होती. दोघे-तिघे मल्याळी आणि एक नेपाळी पोरगा, सगळे त्यांच्याकडे बघत होते. मी खाली बघितलं.

"नुसता चा पिऊस्तोवर," ते मराठीतच म्हणाले, बहुधा अरबी संपली म्हणून. मग फोन कानापासून काढला, तो बंद झालाय का ते बघितलं आणि खिशात ठेवला.

"यल्ला, पेंडसे," ते म्हणाले, "जातो." चहा तसाच राहिला. सुलैकडे जाणाऱ्या शेअर टॅक्सीत मागच्या सीटवर मधोमध जागा होती, तिथे दोन माणसांच्या गुडघ्यांवरून ते आत सरकले. मी हात केला, पण त्यांना मान वळवायला जागा नव्हती.